दिसला का मांजा?

दोस्तांनो, संक्रांत जवळ आली की आपल्या नागपूरचं आकाश कसं दिसतं, ते तुम्हाला मी काय सांगणार! गच्चीगच्चीवरून "ओऽऽ काट" सुरू होतं. पण याच दिवसांत नायलॉनच्या मांजाने पाखरांचे पंख कापले जातात, स्कूटरवरून जाणाऱ्या माणसांचे गळे चिरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर या मांजावर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातोच.

"खरं सांगा, कोणाकडे आहे?" मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारलं. आधी हात वर होईना. मग एक झाला, मग सात! मी रागावले नाही. त्या सात जणांनाच पोस्टर करायला बसवलं.

पहिलं पोस्टर झकास झालं. मोठ्ठी लाल पतंग, निळं आकाश. आम्ही ते फाटकाबाहेरच्या भाजीवाल्या मावशींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "काय रे पोट्टेहो, पतंगीचं दुकान टाकून राहिले का?"

मुलं हिरमुसली. "खाली लिहिलंय ना, मांजा वापरू नका!" लिहिलं होतं खरं, पण करंगळीएवढ्या अक्षरांत.

दुसऱ्या पोस्टरवर रक्तच रक्त! ते पहिलीच्या मुलांसमोर धरलं, तर त्यांनी तोंडं फिरवली. ज्याने तोंड फिरवलं, तो वाचणार कसा?

मग मी ड्रॉइंग पेपरचे पत्त्यांएवढे तुकडे केले. एका तुकड्यावर एकच कल्पना, वेळ पाच मिनिटं, खोडरबर बंद. लहान कागदावर बारीकसारीक काढायला जागाच नसते, म्हणून मुद्दा तेवढा उरतो. असे तीसेक तुकडे जमले. त्यात एका मुलीचा कागद कोरा होता. मला वाटलं, हिने कामचुकारपणा केला!

"कोरा नाही मॅडम, पांढरा दोरा चिकटवलाय. दिसत नाही ना? मांजा पण दिसत नाही."

मी गप्पच झाले.

आता गंमत ऐका. तीच कल्पना मोठ्या पांढऱ्या कागदावर केली, तर ऑटोवाले काका म्हणाले, "मॅडम, दुरून तर कोरा कागदच दिसून राहिला." त्यांचंही बरोबर होतं.

मोठमोठ्या कलाकारांचंही असंच असतं बरं का. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, पुढे सिनेमे काढले आणि त्यांची पोस्टरंही केली. पडदा रंगवणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या माणसाचाही विचार करावा लागतो! जागतिक वन्यजीव निधीचा पांडा १९६१ मध्ये पीटर स्कॉट यांनी काढला, तोही दुसऱ्या एका चित्रकाराच्या कच्च्या रेखाटनांवरून. काळा-पांढरा प्राणी निवडला, कारण छपाई स्वस्त पडते.

आमच्या मुलांनी कागद पिवळा घेतला. त्यावर काळ्या रंगात स्कूटरवाला काढला, कारण पिवळ्यावर काळं लांबून उठून दिसतं. त्याच्या गळ्यासमोरून खराखुरा पांढरा दोरा ताणला. तो जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. वर ठळक अक्षरांत, "मांजा दिसला का?" आणि खाली, "त्यालाही दिसला नाही."

हे दहा जणांना तीन आकडे मोजेपर्यंत दाखवलं आणि उलटं केलं. आठ जणांनी मुद्दा बरोबर सांगितला. एका आजोबांना स्कूटर घोड्यासारखी वाटली, तेव्हा चाकं मोठी केली. एका मुलाला अजून वाटतं की पतंग हवीच होती. त्याचं-माझं भांडण चालू आहे.

तुम्हीही करून बघा. पोस्टर झालं की दहा पावलं मागे जा, डोळे किलकिले करून बघा. मग घरात आजीला किंवा धाकट्या भावाला तीन आकड्यांपुरतं दाखवा आणि विचारा, "काय समजलं?" मात्र तुम्ही मध्ये बोलायचं नाही. आणि आई-बाबांनो, तुम्हाला दाखवलं तर नुसतं "छान" म्हणू नका. काय समजलं नाही, तेही सांगा.