ऋतूनुसार परसबाग (भाग ६) : खाऱ्या बोअरवरचा हिवाळी वाफा

मागच्या भागात गोड्या पाण्यावरची हिवाळी लागवड पाहिली. अमरावतीत अप्पर वर्धेचे आणि अकोल्यात काटेपूर्णेचे नळाचे पाणी मिळते, त्यांचे त्यावर भागेल. पण दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथे हिवाळ्यात परसबाग करायची, तर आधी क्षाराची चाल ओळखावी लागते.

पावसाळ्यात क्षार पाण्याबरोबर खाली धुपून जातात. पाऊस सरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा ओलावा वर चढतो. पाणी उडून जाते, क्षार मात्र वरच्या थरात उरतात. त्यात सोडियम जास्त असला की चिकण मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. कोवळा कोंब तो फोडू शकत नाही. बी उगवले नाही की दोष दुकानदाराला मिळतो, पण पुष्कळदा अडलेले असते ते या पापुद्र्याखाली.

म्हणून पहिले काम झाकण्याचे. याच दिवसांत सोयाबीन निघते आणि कुटार हाताशी असते. वाफ्यावर त्याचा दोन-तीन बोटे जाड थर दिला की ऊन थेट मातीला लागत नाही आणि क्षार वर चढण्याचा वेग मंदावतो. जिथे बी टाकायचे, तेवढी ओळ उघडी ठेवावी.

पेरणीची घाई नको. माती ३० अंशांच्या वर तापलेली असताना पालक नीट उगवत नाही, सांबारही (कोथिंबीर) रेंगाळतो. कोजागिरीला भुलाबाईची बोळवण झाली की रात्री निवू लागतात. त्यानंतर सांबाराचे धणे रगडून, दोन फाका करून पेरावेत. मेथी मात्र चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात खुडता येते.

काय लावावे, हे मातीची क्षारता ठरवते. माती परीक्षणाच्या अहवालात ती डेसिसायमन प्रति मीटर या मापात असते. गाजर आणि घेवडा साधारण १ च्या वर गेले की उत्पन्न घटवतात, मुळा आणि कांदा १.२ च्या वर. पालक २ पर्यंत आणि टमाटे २.५ पर्यंत तग धरतात. बीट सगळ्यांत चिवट, ४ पर्यंत. अहवाल हाती नसेल तर बीट आणि पालकापासून सुरुवात करावी, गाजराचा हट्ट नळाच्या पाण्यावर कुंडीत पुरवावा.

टमाटे-वांग्याची रोपे सरीवरंब्यावर लावताना वरंब्याच्या माथ्यावर लावू नयेत. सरीतले पाणी वर झिरपते आणि क्षार नेमके माथ्यावर साचतात. रोप वरंब्याच्या बगलेत बसवावे. रोज थोडे थोडे शिंपडणे सर्वांत वाईट, कारण तेवढे पाणी वरच्यावर उडते आणि क्षार तिथेच ठेवून जाते. त्यापेक्षा चार दिवसांनी मुळांखालपर्यंत जाईल इतके द्यावे, तेही बुडाशी. पानांवर खारे पाणी पडले तर कडा करपतात. नळाचे पाणी थोडेच असेल, तर ते बियाणे आणि रोपांसाठी राखावे. वाढलेले झाड खारेपणा जास्त सोसते.

आणि एक कोपरा पाण्याशिवायचा ठेवावा. हरभरा क्षाराला फार नाजूक, तरी खारपाणपट्ट्यात तो होतो, कारण तो पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येतो आणि त्याला बोअर दाखवावीच लागत नाही. ओल असतानाच दाणे टोचावेत. महिन्याने शेंडे खुडले की फांद्या फुटतात आणि घरात हरभऱ्याची भाजी येते.

पुढील आठवड्यात : जिप्सम कधी, किती आणि कुठे टाकू नये.