तान कोणत्या शब्दावर?

फ्लॉरेन्समध्ये १६०२ साली छापलेल्या ‘ले नुओवे मुझिके’, म्हणजे ‘नवे संगीत’, या संग्रहाकडे मी वळलो तो गीतांसाठी. अडकलो मात्र प्रस्तावनेत. गायक-रचनाकार जूल्यो काच्चिनी तिथे चक्क तक्रार करतो : माझी गीते लोक गातात, पण भलत्या जागी ताना घेऊन त्यांची नासाडी करतात. नाट्यपदांवरचे वाद ऐकत वाढलेल्या माणसाला ही तक्रार परकी कशी वाटेल?

तिचे मूळ समजायला थोडे मागे जावे लागते. सोळाव्या शतकात इटलीत माद्रिगालची चलती होती. बहुधा चार-पाच गायक, प्रत्येकाची सुरावट वेगळी. तेच शब्द कोणी आधी उच्चारी, कोणी मागून. स्वरांचा गोफ सुंदर, पण कविता त्यात हरवे. फ्लॉरेन्सचे उमराव जोव्हान्नी दे बार्दी यांच्या घरी जमणाऱ्या मंडळींना हेच खुपत होते. त्यांतल्या विन्चेन्त्सो गालिलेई या ल्यूटवादकाने (हे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील) १५८१च्या आपल्या ग्रंथात या बहुस्वरी गायनावर कडाडून टीका केली. प्राचीन ग्रीक गायक एकाच सुरावटीने श्रोत्यांना हलवून सोडत, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी, की त्याच ग्रंथात छापलेल्या ग्रीक स्वरलिपीतल्या रचना त्यांना स्वतःला वाचता येत नव्हत्या! कोणीच न ऐकलेल्या संगीताच्या नावाने नवे संगीत उभे राहत होते.

काच्चिनीच्या संग्रहात ते छापून आले. एक गळा, आणि साथीला कितार्रोने हे लांब मानेचे तंतुवाद्य. कागदावर गायकाची ओळ, तिच्याखाली फक्त खर्जाची ओळ व काही आकडे. त्यांवरून साथीदाराने स्वरमेळ आयत्या वेळी भरायचे. गायकाने लय किंचित सैल सोडावी, बोलल्यासारखे गावे. ‘आमारिल्ली’ हे त्यातले गीत आजही गायले जाते.

काच्चिनीला ताना वर्ज्य होत्या, असा समज मात्र चुकीचा. त्याने हरकती स्वतः लिहून दिल्या. एकाच स्वरावर वेग वाढवत केलेल्या आघातांना तो ‘त्रिल्लो’ म्हणतो. त्याचा आग्रह एवढाच, की अलंकार अर्थाच्या मागून यावा.

पुढे व्हेनिसमध्ये बार्बारा स्ट्रोत्सी या गायिकेने १६४४पासून आठ संग्रह प्रसिद्ध केले. तोवर गीत लांबून कान्ताता झाले होते. १६५९च्या संग्रहातल्या ‘लाग्रिमे मिए’ या रचनेच्या आरंभी ‘अश्रू’ या एकाच शब्दावर स्वर अडखळत, रेंगाळत खाली उतरतो. तान म्हणावी तर तान, हुंदका म्हणावा तर हुंदका. काच्चिनीने ती खपवून घेतली असती, असे मला वाटते.