खेळयंत्राकडे प्रकाशक पाठ का फिरवतात?

हदगावच्या बाजारात गिऱ्हाईक रोडावले, की व्यापारी पाल दुसऱ्या गावी लावतो. मग उरलेले गिऱ्हाईकही तिकडेच जाते. व्हिडिओ गेमच्या यंत्रांचेही तसेच होते.

निन्टेन्डोचे 'वी यू' नोव्हेंबर २०१२ मध्ये आले. युबिसॉफ्टचा 'रेमन लेजंड्स' हा खेळ फेब्रुवारी २०१३ मध्ये केवळ त्यावरच यायचा होता. युबिसॉफ्टने तो सप्टेंबरपर्यंत थांबवला आणि इतर यंत्रांवरही आणला. ग्राहक चिडले. आम्हांला तो राग समजतो, पण प्रकाशकाचे गणितही मांडून पाहू.

समजा, खेळ एका यंत्रावर उतरवायला ६० लाख रुपये लागतात आणि प्रतीमागे ६०० रुपये सुटतात. दहा हजार प्रती खपल्या तरच खर्च निघेल. यंत्र असलेल्या वीस जणांपैकी एकाने खेळ घेतला, असे धरले तर दोन लाख यंत्रे घरोघर हवीत. यंत्रे निम्मीच खपली म्हणून उतरवण्याचा खर्च काही निम्मा होत नाही. मेख इथेच आहे. शिवाय खेळ तयार व्हायला वेळ लागतो; म्हणून प्रकाशक आजची नव्हे, पुढल्या वर्षीची यंत्रसंख्या अजमावतो.

त्यातच नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन आले. त्यांचे प्रोसेसर एकाच घराण्यातले, 'वी यू'चा वेगळा. खेळ आटले, तसे ग्राहकही आटले. आधीचे 'वी' दहा कोटींवर खपले होते; 'वी यू' १ कोटी ३६ लाखांच्या आसपास अडकले आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.