पिढ्यापिढ्यांचें इंटरनेट

मुंबईच्या उपनगरी गाड्यांची ईशान्येकडील धांव कसाऱ्यास संपते. पुढें थळ घाट. पहांटेच्या गाडींत जागा मिळतांच तरुण चाकरमान्याचा हात प्रथम मोबाइलकडे जातो. त्याच वेळीं घरीं त्याचे वडील भातखाचराकडे निघालेले असतात. या दोघांचें इंटरनेट एक नव्हे.

विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट जनतेस खुलें केलें. पुढें २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा आली, दर कोसळले, आणि तें खेड्यापाड्यांत शिरलें. तथापि तें सर्वांच्या हातीं सारखें पडलें नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकीं शेंकडा ५७ जणांनीं, तर स्त्रियांपैकीं अवघ्या ३३ जणींनीं कधीं तरी इंटरनेट वापरलें होतें. पन्नाशीपुढील मंडळी या आंकड्यांत धरलेलीच नाहींत! संपन्न अमेरिकेंतहि वयाची दरी आहेच. तेथें प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणींत तिशीच्या आंतील शेंकडा ४८ प्रौढ जवळजवळ अखंड इंटरनेटवर असत. पासष्टीचे केवळ ८.

तरुण करमणुकीसाठीं तासन् तास वापरतो. वृद्धास तें वर्षांतून दोनचारदांच लागतें, पण तेव्हां अडतें. पूर्वीं पिकाची नोंद तलाठी करीत असे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाइलवर पिकाचें छायाचित्र घ्यावें, मग सात-बाऱ्यावर नोंद. नोंद राहिली तर नुकसानभरपाई मागतांना पंचाईत. मुलाला हें चुटकीसरशी जमतें. परंतु तो उजाडण्यापूर्वीं गाडी धरतो नि अंधारांत परततो. अंधारांत भाताचें छायाचित्र कसें निघावें? मग रविवारची वाट, नाहीं तर शेजाऱ्याची मनधरणी.

खरा धोका येथेंच आहे. परक्याच्या हातीं मोबाइल देणारा वृद्ध बँकेकडून आलेला गुप्त क्रमांकहि त्यालाच वाचावयास देतो, कारण अक्षरें बारीक असतात. दूरध्वनीवरून गोड बोलून तो मागणारे ठकहि हेंच हेरतात. वास्तविक बँकेचा कोणीहि नोकर तो क्रमांक विचारीत नाहीं. घरांतील तरुणानें रविवारीं अर्धा तास वडिलांच्या, आणि विशेषेंकरून आईच्या, शेजारीं बसून तिच्याच बोटानें हीं कामें करवून घ्यावीं. तिचें बोट धरून आपण करूं नयेत. तरीहि पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर त्याच क्षणीं कळवावें. रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत सरकण्याआधीं ती अडविण्यास तेवढाच अवधि असतो.