रडत्या माणसाला ‘वन्समोअर’

रंगमंचावर ‘एकच प्याला’तली सिंधू उभी आहे. नवऱ्याच्या दारूपायी तिच्या संसाराची राखरांगोळी झालेली. ती आपलं दुःख गाऊन सांगते. पद संपतं आणि समोरून आरोळी येते, ‘वन्समोअर!’ म्हणजे काय, तर बाई, पुन्हा एकदा रडा. आणि बाई रडते! ऑर्गनवर पुन्हा सूर धरला जातो, तबला समेवर येतो, तेच दुःख पहिल्या ओळीपासून सुरू होतं. गंमत अशी, की दुसऱ्या खेपेलाही प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. गद्य नाटकात एखाद्या नटाने शोकाचा संवाद असा परत म्हणून दाखवला असता, तर लोक खो खो हसले असते.

मग गाण्यात असं काय आहे?

मराठी नाटक जन्माला आलं तेव्हा दुःखी माणूस स्वतः फारसा गातच नव्हता. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या धर्तीच्या नाटकांत पदं म्हणायची ती सूत्रधाराने. पात्रं त्यावर अभिनय करायची, मग मनचे संवाद बोलायची. शोक एकाचा, गळा दुसऱ्याचा. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले आणि हा कारभार उलटला. ज्याचं दुःख, तोच गाऊ लागला. आज हे इतकं साधं वाटतं, की यात शोध कसला, असा प्रश्न पडावा. पण मराठी संगीत नाटकाचा पुढचा सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे.

किर्लोस्करांनी चालींसाठी कुठलाच दरवाजा बंद ठेवला नाही. साकी, दिंडी, लावणीच्या वळणाची चाल, कर्नाटकातल्या चाली, कीर्तनातला ढंग, सगळं त्यांनी पंगतीला बसवलं. प्रेक्षकाला कान तयार करून यावं लागलं नाही. आजोबांना कीर्तनातली चाल ओळखीची, आईला ओव्या-गाण्यांतली. सहकुटुंब बघण्याचं नाटक म्हणतात ते निव्वळ सोज्वळपणामुळे होत नाही. घरातल्या प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी सापडावं लागतं.

आता त्या ‘वन्समोअर’चं कोडं. संवाद गोष्ट पुढे नेतात, पद गोष्टीला थांबवून धरतं. पदाचे शब्द असतात जेमतेम चार-सहा ओळी. अर्थ अर्ध्या मिनिटात कळतो. उरलेला वेळ गायक त्याच शब्दांभोवती फिरत राहतो. एकदा शब्दावर थबकतो, एकदा तो हळूच सोडून देतो, एकदा तानेतून त्याच्यावर येऊन आदळतो. खरं दुःखही असंच वागतं. घरात कुणी गेलं, की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिगत सांगितली जाते: सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, म्हणाले जरा पडतो. दहाव्यांदा सांगतानाही सांगणाऱ्याचा आवाज त्याच शब्दावर अडकतो. त्याला कुणी ‘हे झालं सांगून’ म्हणत नाही. संगीत नाटकाने शोकाची ही सवय ओळखली आणि तिला ताल दिला. म्हणून सिंधूचं पद दुसऱ्यांदा ऐकताना कुणालाच चुकल्यासारखं वाटत नाही.

दुसरी युक्ती ‘संगीत सौभद्र’मध्ये दिसते. सुभद्रेचं मन अर्जुनावर जडलेलं, आणि बलरामदादाने तिला दुर्योधनाला द्यायचं ठरवलेलं. हताश अर्जुन संन्यास घ्यायला निघतो. पुढे घटोत्कच सुभद्रेला झोपेतच रानात नेऊन ठेवतो काय, अर्जुन यती होऊन बलरामाच्याच पाहुणचाराला येतो काय, आणि त्याच्या सेवेला भाऊ नेमका सुभद्रेलाच धाडतो! जिच्या विरहाने भगवी वस्त्रं घेतली, ती समोर हात जोडून उभी, आणि तिला पत्ताच नाही. अख्ख्या थिएटरला ठाऊक असतं, की मागून कृष्ण सूत्रं हलवतोय आणि शेवट गोड आहे. तरीही सुभद्रा ‘आता सगळं संपलं’ असं गाते तेव्हा कुणाला तो खोटेपणा वाटत नाही. उलट, शेवट माहीत असल्यामुळेच तिच्या रडण्याकडे नीट लक्ष देता येतं. मांडीवर बसलेल्या लहान मुलालाही ‘पुढे काय होणार’ याची धास्ती नसते. विरह म्हणजे काय, हे त्याला न घाबरता बघता येतं.

याच रंगमंचामागे मात्र खरी ताटातूटही घडली. 12 मार्च 1911, मुंबई. ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनीच्या भूमिकेत. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ते नटून उभे राहिले, गायले, आणि नाटक गाजलं. ही हकिगत आपल्याकडे कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. मला ती ऐकताना नेहमी त्या मुलीच्या आईची आठवण येते. तिच्या वाट्याला ना पद आलं, ना टाळ्या.

‘एकच प्याला’ची कथा याहून चमत्कारिक. नाटककार राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात झाला 20 फेब्रुवारीला, महिन्याच्या आत. पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. म्हणजे बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवलं ते शब्द पदांत एकाचे आणि संवादांत दुसऱ्याचे, आणि तो दुसरा त्या रडण्याचा आवाज ऐकायला जगात नव्हता.

पुढे बोलपट आले, नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं मोडली आणि संगीत नाटक संपलं असं म्हणण्याची फॅशन आली. ती 1964 साली ‘मत्स्यगंधा’ने खोटी पाडली. नाटक वसंत कानेटकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची. रात्र रात्र चालणारा खेळ आता तीन तासांवर आला होता, म्हणून अभिषेकींनी पदं आटोपशीर केली. पण जिथे पद येतं तिथे पात्राच्या मनात काहीतरी मोडलेलं असतं. पराशराने टाकलेली सत्यवती त्या दुखावलेपणातून महत्त्वाकांक्षी होते आणि त्या महत्त्वाकांक्षेची किंमत देवव्रत मोजतो. इथे शेवट गोड करायला कृष्ण नाही. दोनच वर्षांनी याच कानेटकरांनी ‘लेकुरे उदंड जाली’त मूलबाळ नसलेल्या जोडप्याचं दुःख हसत-खेळत गाण्यांतून मांडलं. माझ्या मते घरच्या सगळ्यांनी मिळून बघावं असं दुःखाचं नाटक मराठीत याहून खट्याळ दुसरं नाही.

‘सौभद्र’चे प्रयोग अजून होतात, पुण्या-मुंबईत आणि गोव्यात देवळासमोरच्या मांडवातही. जवळपास कुठे लागला, तर घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जा. आधी गोष्ट सांगून टाका, शेवटासकट. आणि पद रंगलं तर लाजू नका, ‘वन्समोअर’ द्या.