थंड हवेच्या गावाचा कारभार

(नभोवाणीवरील भाषण)

सुटी लागली, की मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबे चारदोन दिवस माथेरानला थंड हवा खाण्यास जातात. नेरळास उतरावे, छोट्या आगगाडीत बसावे, तांबड्या मातीच्या वाटांनी हिंडावे, निरनिराळ्या पॉइंटांवरून दऱ्या न्याहाळाव्या आणि चिक्कीचा पुडा घेऊन घरी परतावे, असा हा ठरलेला क्रम होय. परंतु आपण ज्या वाटेने चाललो ती कोणी झाडली, आपल्या मागे राहिलेला केर कोठे गेला, रात्री वाटेवर दिवा कोणाच्या व्यवस्थेने लागला आणि गावात शिरताना आपण जो कर दिला त्याचा हिशेब कोण कोणास देतो, हा विचार शेकडा एकाच्या तरी मनात येत असेल की नाही, याची शंका वाटते. या सर्व प्रश्नांचा माग काढीत गेले, म्हणजे आपण एका लहानशा संस्थेच्या दारापाशी येतो. ती संस्था म्हणजे माथेरान गिरिस्थान नगरपरिषद. तिला कोण निवडतो, तिचा कारभार कसा चालतो, आणि तिच्यापाशी काय मागावे व काय मागू नये, हे आज आपणांस थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे या डोंगरावर चढले आणि तेव्हापासून या स्थळाचा लौकिक साहेबलोकांत पसरू लागला. त्यापूर्वी येथे माणसाचा वावर नव्हता असे मात्र कोणी समजू नये. ठाकूर, कातकरी, धनगर यांच्या वाड्या या डोंगराच्या अंगाखांद्यावर होत्याच. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी स्थळास उत्तेजन दिले, बंगले उभे राहिले, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचा पैसा घालून नेरळपासून माथ्यापर्यंत आगगाडी आणली. प्रारंभी या वस्तीची देखरेख सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असे. लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा जो ठराव केला, त्याचे वारे देशभर वाहू लागल्यावर कालांतराने येथेही नगरपालिका आली. तथापि त्या काळी मताचा अधिकार ठरावीक कर भरणाऱ्या मोजक्या लोकांनाच असे.

अशा त्या संकुचित चौकटीतही या गावाने एक मोठा माणूस दिला. १९१२ साली माथेरानात न्हावी समाजातील एका कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे वकील झाले, येथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि पुढे बेचाळीसच्या लढ्यात उतरून २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. ज्यांच्या श्रमावर साहेबांची सुटी सुखाची होई, त्यांच्यापैकीच एक जण गावच्या कारभाराच्या बैठकीत जाऊन बसला, ही गोष्ट स्थानिक स्वराज्य या शब्दाचा अर्थ कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट करते.

आता सांप्रतची रचना पाहू. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या कायद्याने चालतो. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या अवघी ४,३९३ भरली. एरवी एवढ्या वस्तीस ग्रामपंचायत मिळते. मग येथे नगरपरिषद का? याचे कारण असे, की या गावाचा भार त्याच्या वस्तीवरून मोजता येत नाही. माणसे चार हजार. पण सुटीच्या दिवसांत केर, सांडपाणी, शौचकूप आणि पाणी यांची तजवीज करावी लागते ती त्यांच्या कितीतरी पट लोकांसाठी. म्हणूनच माथेरान, महाबळेश्वर व पाचगणी यांस गिरिस्थान नगरपरिषदा हे निराळे नाव आहे. चार माणसांचा संसार आणि चाळीस पानांची पंगत, अशी ही नित्याची ओढाताण होय.

ही परिषद निवडतो कोण? घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरपरिषदेची मुदत पाच वर्षे ठरविली आणि निवडणुकीचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले. विधानसभेची जी मतदार यादी, तीच प्रभागवार विभागून येथे वापरतात. अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्ग यांच्यासाठी जागा राखीव असतात, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेविल्या आहेत. नगराध्यक्ष कोणी निवडावा, याविषयी मात्र सरकारचे मत वारंवार पालटले. २०१६ साली तो थेट जनतेने निवडावा असे ठरले. २०२० साली तो अधिकार पुन्हा नगरसेवकांकडे गेला. २०२२ साली तो परत जनतेकडे आला. आजच्या रीतीप्रमाणे एका प्रभागातून साधारणतः दोन नगरसेवक निवडावयाचे असतात. म्हणजे मतदार त्यांच्यासाठी दोन आणि नगराध्यक्षासाठी एक, अशी तीन मते देतो.

येथे थोडे अंकगणित करू. चारसाडेचार हजारांची वस्ती आठदहा प्रभागांत वाटली, म्हणजे एका प्रभागाच्या वाट्यास चारपाचशे माणसे येतात. त्यांतून अठरा वर्षांखालील मुले वजा करा. उरलेल्यांपैकी मतदानास न येणारे वगळा. तेव्हा दहापाच मतांनी निकाल फिरणे ही अशा गावी नवलाची गोष्ट नव्हे. मोठ्या शहरातील मतदार, ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे म्हणून स्वस्थ बसतो. माथेरानच्या मतदारास तसे म्हणण्याची सोय नाही. पण याच लहानपणाची दुसरीही बाजू आहे. येथे उमेदवार म्हणजे कोणाचा भाऊबंद, कोणाचा सावकार, कोणाचा घरमालक, तर कोणाचा धनी असतो. मत गुप्त असते हे खरे. परंतु लहान गावात मन गुप्त ठेवणे कठीण. म्हणून गुप्त मतदानाचे मोल जेवढे येथे आहे, तेवढे लाखोंच्या शहरात नाही.

याच्या उलट ज्यांना मत नाही, त्यांचाही विचार केला पाहिजे. पाहुणा कर देतो, पण मत देत नाही. मुंबईस राहून येथे बंगला बाळगणारा गृहस्थ घरपट्टी भरतो. पण त्याचे नित्य वास्तव्य मुंबईस असल्यामुळे त्याचे नाव तेथील यादीत असते, येथील नाही. मत आहे ते घोडेवाल्यास, हमालास, दुकानदारास, खाणावळ चालविणाऱ्यास, हॉटेलच्या मालकास व त्याच्या येथेच राहणाऱ्या नोकरास. या सर्वांची उपजीविका एकाच पाहुण्यावर, आणि तरीही प्रत्येकाचे हित निराळे. २०२५ च्या मार्च महिन्यात पाहुण्यांची दिशाभूल व फसवणूक होते या कारणास्तव गावाने बंद पुकारला होता, तेव्हा ही ओढाताण उघड्यावर आली. नगरपरिषद म्हणजे ही भिन्न हिते एका बैठकीवर आणून त्यांचा मेळ घालण्याची जागा होय.

तिच्या हाती काय आहे? कायद्याने जी कर्तव्ये नगरपरिषदेस आवश्यक म्हणून नेमून दिली आहेत, त्यांत रस्ते, दिवाबत्ती, झाडलोट, गटारे, बाजार, स्मशान, पाणीपुरवठा यांचा समावेश होतो. घरपट्टी बसविणे, अंदाजपत्रक मंजूर करणे व ठराव करणे हे निवडून आलेल्या मंडळाचे काम. त्या ठरावांची अंमलबजावणी करतो मुख्याधिकारी, आणि त्याची नेमणूक राज्य सरकार करते. एकाने ठरवावे, दुसऱ्याने करावे, आणि तिसऱ्याने, म्हणजे जनतेने, जाब विचारावा, अशी ही तीन पायांची घडवंची आहे.

आणि तिच्या हाती काय नाही? आगगाडी मध्य रेल्वेची. भोवतालचे रान वनखात्याचे. बंगल्यांच्या जमिनी बहुतांशी सरकारी पट्ट्याच्या. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि बांधकामापासून वाहनांपर्यंत अनेक बाबींवर निर्बंध आले. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच येऊ शकते. त्यापुढे पाय, घोडा, छोटी गाडी किंवा रिक्षा. तेव्हा ‘मला निवडून द्या, मी गावात मोटारी आणतो’ असे कोणी सभेत सांगू लागला, तर तो आपल्या मालकीचे नसलेले धान्य वाटीत आहे, हे मतदाराने ओळखावे.

हातरिक्षेचा प्रश्न या दृष्टीने फार बोधप्रद आहे. माणसाने माणसास ओढावे, ही गोष्ट या गावी शतकाहून अधिक काळ चालत आली. परवाना असलेल्या अशा रिक्षा चौऱ्याण्णव होत्या. श्रमिकांनी स्वतःच सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २०२२ साली न्यायालयाने विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या प्रयोगास अनुज्ञा दिली. २०२४ साली त्यांची संख्या वीसपर्यंत मर्यादित केली, आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असे बजाविले. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी, सहा महिन्यांच्या आत ही प्रथा बंद करा, या लोकांच्या पुनर्वसनाची योजना आखा, आणि पैशाची सबब सांगू नका, असा आदेश दिला.

यात नगरपरिषदेचा वाटा कोणता? बंदी घालणे वा उठविणे तिच्या हाती नव्हते. परंतु नवी गाडी कोणाच्या दारी उभी राहावी, तिचा थांबा कोठे असावा, चौऱ्याण्णव घरांची नावे यादीत नीट आली की नाही, शाळेतील मुले व वृद्ध यांची सोय होते की नाही, आणि घोडेवाल्याच्या पोटास चिमटा किती बसतो, हे पाहणे व त्यासाठी वरिष्ठांकडे भांडणे, हे गावच्या प्रतिनिधीचे काम खासच आहे. हुकूम दिल्लीहून येतो. पण तो उतरतो गल्लीत. गल्लीत उतरताना तो कोणाच्या अंगावर पडतो, हे पाहण्यास गल्लीतलाच माणूस लागतो.

असा माणूस नसला म्हणजे काय होते, हेही महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळांची मुदत पाच वर्षांनी संपली. मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक झाली पाहिजे, असे घटना सांगते. परंतु मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात अडकला आणि राज्यातील शेकडो नगरपरिषदांवर प्रशासक बसले. बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारी हाच प्रशासक झाला. म्हणजे ठरविणारा तोच, करणारा तोच, आणि जाब विचारणारा कोणीच नाही. घडवंचीचे पाय तीन होते, ते एकावर आले. अधिकारी प्रामाणिक असेलही. पण गुरुजींनीच उत्तर लिहावे आणि गुरुजींनीच तपासावे, ही काही परीक्षा नव्हे. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्यास फर्माविले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांसाठी मतदान झाले. त्यांत माथेरानही होते. हातरिक्षेच्या प्रश्नाची बहुतेक पावले ज्या वर्षांत पडली, त्याच वर्षांत गावाची खुर्ची रिकामी होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

श्रोतेहो, यावरून मतदाराने काय घ्यावे? उमेदवारास चारच प्रश्न विचारावे. केराची विल्हेवाट कोठे व कशी लावणार? प्रवाशांकडून आलेल्या कराचा जमाखर्च वर्षातून एकदा चावडीवर वाचून दाखविणार काय? वरून आलेल्या आदेशाने ज्याचा धंदा जातो, त्याच्यासाठी काय करणार? आणि जे आपल्या अधिकारात नाही, ते अधिकारात नाही असे उघडपणे सांगणार काय? चौथ्या प्रश्नास जो ‘होय’ म्हणेल, त्याच्या पहिल्या तीन उत्तरांवर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

आणि आपण, जे केवळ पाहुणे म्हणून जातो, त्यांचेही काही कर्तव्य आहेच. आपणांस तेथे मत नाही. पण ज्या चार हजार माणसांना ते आहे, त्यांच्या अंगणात आपण उतरतो. कराची पावती मागून घ्यावी, आपला केर आपण आवरावा, आणि ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. गाव करी ते राव न करी, अशी आपली म्हण आहे. त्या गावात दोन दिवसांपुरते का होईना, आपणही मोडतो.