फुलीचा टाका

फुली कोणाला ठाऊक नाही? ज्याला सही येत नसे, तो कागदावर अंगठा उठवी, नाही तर फुली मारी. आता तुम्ही सही करता. पण म्हणून फुलीला विसरू नका. तीच फुली सुईदोऱ्याने कापडावर काढता येते. तिला फुलीचा टाका म्हणतात.

हे बायांसाठीच आहे असे समजून पुरुषांनी पान उलटू नये. मी हेडमास्तर असताना शिवणाचा तास म्हणजे पोरींचा खेळ समजत असे. कितीदा तरी तो तास काढून मी गणिताला दिला. पुढे पेन्शनीत निघाल्यावर सुनेने मला हा टाका शिकवला. तेव्हा कळलं, हेही गणितच आहे!

कापड मॅटीचे घ्यावे. मॅटीचे उभे-आडवे धागे सारखे असतात. विणीत लहान लहान चौकोन दिसतात. त्यांना आपण घरे म्हणू. सुई बोथट टोकाची असावी, म्हणजे ती धागा फोडीत नाही. भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात. बारीक घरांना त्यांतले दोनच पदर पुरतात. दोरा हातभरच तोडावा. लांब घेतला की गुंता होतो.

आता टाका. घराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढा. वरच्या उजव्या कोपऱ्यात खाली घाला. एक तिरपी रेघ झाली. ओळीतल्या सगळ्या घरांत अशाच रेघा घालीत उजवीकडे जा. मग परत फिरा. येताना खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुई वर काढा, वरच्या डाव्या कोपऱ्यात खाली घाला. झाली फुली.

आता नीट ऐका. वरची रेघ सगळ्या फुल्यांत एकाच बाजूला झुकलेली हवी. आमच्या आळीतल्या तिघी जणींनी शहरातल्या एका व्यापाऱ्याला उशीचे सहा अभ्रे करून दिले. काम वाटून घेतले होते. दोघींची वरची रेघ एकीकडे, तिसरीची दुसरीकडे. दोऱ्याला चकाकी असते. उजेडात धरताच अर्धे फूल उजळ, अर्धे मळकट दिसले. चार अभ्रे परत आले. महिन्याची मेहनत गेली. व्यापारी कडक, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या ओटीवरच्या भिंतीला कोळशाने एक मोठी फुली काढलेली आहे. कोणती रेघ वर, ते बघायचे आणि मग बसायचे.

कापड किती घ्यावे? आधी पट्टी लावून इंचात किती घरे आहेत ती मोजा. समजा, 14 भरली. नक्षी 70 घरे रुंद आहे. 70 ला 14 ने भागा. 5 इंच आले. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडा. म्हणजे 9 इंच रुंद कापड हवे. उंचीचाही हिशेब असाच. कापडाची दोनदा घडी घालून मध्य काढा आणि तिथून सुरुवात करा. एक घर चुकले तर लगेच उसवा. पुढे दहा ओळी गेल्यावर रडू येते.

हे काम आपल्याला परके नाही. इरकली लुगड्यावर हत्ती, रथ, तुळशीवृंदावन भरलेले तुम्ही पाहिले असेल. ती धारवाडकडची कसुती. तिथे कापडावर नक्षी आधी काढीत नाहीत. धागे मोजूनच भरतात. तिच्या चार टाक्यांपैकी एक हाच आहे. तिकडे त्याला मेंथी म्हणतात, म्हणजे आपली मेथी. मेथीचे दाणे पसरल्यासारखा तो दिसतो.

दोऱ्याला गाठ मारू नये. वरून टेंगूळ दिसते. बोटभर शेपूट मागे सोडून पहिल्या टाक्यांखाली दाबून टाकावे. लाल दोरा असेल तर तो आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा वापरू नये.

पहिल्यांदा मोर-पोपट घेऊ नका. आपले नाव घ्या. चौकोनी घरांच्या वहीत नाव लिहा. वहीतले एक घर म्हणजे एक फुली. शिरोरेघ म्हणजे फुल्यांची आडवी ओळ, काना म्हणजे उभी ओळ. गोलाई मात्र जिन्यासारखी, पायरी पायरीने उतरवावी लागते. माझ्या नावात दोन गोलाया आहेत. तीन वेळा उसवल्या.